सळईवरचे सरगुंडे

दार सताड उघडं होतं आणि आई घरात नव्हती.

मी कामावरून परतले तेव्हा समोरच्या भिंतीवर उन्हं अजून होती. एरवी मी किल्लीनं दार उघडून आत यायची आणि आई खिडकीजवळच्या खुर्चीत, सकाळी मी सोडून गेले तशीच, मांडीवर हात ठेवून बसलेली दिसायची. आज खुर्ची रिकामी होती. तिची शाल तेवढी पाठीवर लोंबत होती. झोपायच्या खोलीत पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. दाराशी चपला नव्हत्या.

जिना कशी उतरले ते आठवत नाही. इटलीच्या दक्षिणेकडचं ते गाव डोंगराच्या कण्यावर वसलेलं होतं. कुठलीही गल्ली धरली तरी ती पायऱ्यांना जाऊन मिळायची, आणि पायऱ्या एका दगडी कठड्याशी संपायच्या. कठड्यापलीकडे खोल दरी. अशा परक्या मुलखात, जिथं कुणी नाव विचारलं तरी तिला कळणार नव्हतं, तिथं कित्येक महिने धड न बोललेली, धड न जेवलेली माझी आई एकटी बाहेर पडली होती. मी आधी कठड्याकडेच धावले.

तिथं बाकावर दोन म्हातारे ऊन खात बसले होते. साडी नेसलेली बाई दिसली का, असं मी धापा टाकत विचारलं. त्यांतल्या एकानं काठी उचलून मी जिकडून आले होते तिकडंच दाखवली. म्हणाला, दोनाताकडे बघ.

दोनाता म्हणजे आमच्या समोरची म्हातारी. दोन्ही घरांच्या मधली गल्ली एखादी बैलगाडी कशीबशी जाईल एवढी. तिच्या दाराला मण्यांचा पडदा होता. मी तो बाजूला केला आणि तिथंच थांबले. स्वयंपाकघरात एका मोठ्या लाकडी फळीशी दोनाता बसली होती. तिच्या शेजारी, पदर खोचून, मनगटापर्यंत पीठ लागलेली माझी आई उभी होती. हातात लोखंडाची एक बारीक सळई. आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली, जशी काही मी हिंगणघाटच्या बाजारातून भाजी घेऊन परतले होते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण ती सळई, ती फळी आणि त्या दोघी माझ्या डोळ्यांसमोरून हललेल्या नाहीत.

थोडं मागचं सांगायला हवं. माझे बाबा हिंगणघाटला जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. गावाच्या कडेला, वणा नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं विटांचं घर. मी एकुलती एक. अकोल्याला शेतकीचं शिक्षण घेतलं, गव्हावर संशोधन केलं, आणि त्याच जोरावर इटलीतल्या एका गहू संशोधन संस्थेत दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. जायची तयारी सुरू झाली आणि बाबा गेले. सकाळी दाढी करता करता आरशासमोरच बसले ते बसलेच.

आई मुळात बोलकी बाई. वर्धा जिल्ह्यातली तिची ती वऱ्हाडी बोली एकदा सुरू झाली की समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळायची नाही. गल्लीतली भांडणं ती मिटवायची, आणि कधी कधी लावूनही द्यायची. बाबा गेल्यावर तेराव्यापर्यंत तिनं सगळं नीट निभावलं. मग विहीर आटावी तसं तिचं बोलणं आटत गेलं. हो, नाही, बरं. पुढं तेही नाही. नुसती मान.

मी जाणं लांबवत होते. मामा म्हणाला, तू संधी सोडू नकोस, ताईला सोबत ने, तिला हवापालट होईल. व्हिसा तीन महिन्यांचा मिळत होता. तीन महिन्यांनी ती परत येईल, नागपूरला मामाकडे राहील, घर भाड्यानं देऊन टाकू, असा बेत ठरला. मी आईला विचारलं, येतेस ना? तिनं मान हलवली. मामानं विचारलं, मग माझ्याकडे राहशील ना? तेव्हाही हलवली. म्हैस शेजारच्या वच्छलाकाकूंकडे गेली, घराला कुलूप लागलं.

तिथं गेल्यावर मात्र ती आणखीच आत गेली. माझं काम मजेचं होतं. आपल्याकडे शेवयांसाठी जो कडक बन्सी गहू लागतो, त्याच जातीचा गहू तिथं पिकतो आणि त्याच्या रव्याचा पास्ता होतो. नव्या वाणाचा रवा निघाला की आम्ही त्याचा पास्ता करून पाहायचो, आणि खरी परीक्षा घ्यायचो ती फुसिल्लीची. फुसिल्ली म्हणजे मळसूत्रासारखा पिळाचा पास्ता. गहू कसाचा नसला की उकळत्या पाण्यात आधी तो पीळ सुटतो आणि सगळ्याचा लगदा होतो. दिवसभर मी ते पीळ न्याहाळायची, आणि संध्याकाळी उरलेली पिशवी घरी आणून फोडणी देऊन आईला खायला घालायची. दोन घास खाऊन ती ताट सारून द्यायची. पोळी केली तरी तेच, खिचडी केली तरी तेच. तिच्या पोलक्याच्या बाह्या दंडावरून घसरू लागल्या. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि आजार काहीच नाही म्हणाल्या. मी मनाशी ठरवत आणलं होतं की शिष्यवृत्ती सोडायची आणि तिला घेऊन परत जायचं. परत जाऊन काय करायचं, ते मात्र मला माहीत नव्हतं.

आणि आता ती समोर पदर खोचून उभी होती.

झालं होतं असं. दोनाता दुपारभर दाराशी उजेडात बसून फुसिल्ली करायचा प्रयत्न करत होती. हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, उजवा हात अधू झाला होता. तिच्या पद्धतीत दोन्ही हात लागतात. पिठाचा करंगळीएवढा तुकडा फळीवर ठेवायचा, त्यावर सळई दाबायची, आणि दोन्ही तळव्यांनी एका दमात पुढं लोटून मागं आणायची. पीठ सळईभोवती लपेटलं जातं. मग सळई अलगद ओढून घेतली की मागं एक लांबट, पोकळ, पीळ घेतलेली नळी उरते. दोनाताच्या हातातून सळई सारखी निसटत होती आणि फरशीवर खणकन वाजत होती. आमच्या खिडकीतून आई ते बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. शेवटी सळई गडगडत उंबऱ्याबाहेर गल्लीत आली, तेव्हा आई उठली, जिना उतरली, तिनं सळई उचलली आणि पडदा सारून आत गेली. एकमेकींना त्यांनी काय विचारलं, कशी खूण केली, ते दोघींपैकी कुणालाही नंतर सांगता आलं नाही.

मी दाराशी उभी होते तेव्हा त्यांचं चक्क भांडण चाललं होतं. आईची रीत वेगळी होती. ती पिठाची बारीक लांब वळी करून ती सळईभोवती तिरपी गुंडाळत नेत होती, एकाशेजारी एक वेढा. तिच्या बोटांतून सळईवर जे उतरत होतं ते मी ओळखलं. ते सरगुंडे होते. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया एकत्र बसून काडीवर वळतात, खाटेवर वाळवतात आणि आंबे आले की शिजवून आमरसात कालवून खातात, तेच.

दोनातानं डाव्या हातानं आईच्या मनगटावर टिचकी मारली. "नो," ती म्हणाली. "कोझी." म्हणजे असं.

आईनं तिचा हात बाजूला केला.

"असं नाही, बाई," आई म्हणाली. "असं."

मी पडदा हातात धरून तशीच उभी राहिले. त्या आवाजाला गंज चढला होता, पण आवाज आईचाच होता.

दोनातानं मला विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, ती म्हणते असं नाही, असं. दोनाता म्हणाली, मीही तेच म्हणते आहे. आणि ती हसली. झटक्यानं तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, त्यामुळं ते हसू अर्धंच उमटलं, पण डोळे पूर्ण हसत होते. मग तिनं आईचा तो पीळ उजेडात धरून फिरवून पाहिला. असा पीळ तिची सिसिलीहून लग्न होऊन आलेली जाऊ घालायची म्हणे. त्याला तिकडं बुझियाते म्हणतात. त्यावरून दोघी जावा जन्मभर भांडल्या होत्या, आणि आता जाऊ गेल्यावर पुन्हा तोच पीळ दारातून आत आला होता. दुकानात मिळणारे यंत्रातले फुसिल्ली मात्र तिच्या लेखी पास्ताच नव्हता. ते सुताराचे स्क्रू, ती म्हणाली.

दोनाताची मुलगी लुचीया शेजारच्या शहरात औषधांच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी आईला बघून जायची. त्या दिवशी ती मला जिन्यापाशी गाठून बोलली. थोरला भाऊ मिकेले उत्तरेला, तुरीनमध्ये राहत होता. झटका आला तेव्हा दोनाता इथं चुलीपाशी पडलेली सापडली होती. शेजाऱ्यानं पाहिलं म्हणून वाचली. तेव्हापासून मिकेले हट्टाला पेटला होता की आईला तुरीनला न्यायचं. ईस्टरच्या सणाला सगळं कुटुंब इथं जमणार होतं आणि परतताना तो तिला गाडीत घालून नेणार होता. दोनातानं फोनवर त्याच्याशी पैज लावली होती. ईस्टरच्या जेवणाला सगळ्यांना पुरतील एवढे फुसिल्ली या घरात वळून वाढले, तर मला इथंच राहू द्यायचं. तो हो म्हणाला. "कारण त्याला माहीत आहे, ते होणार नाही," लुचीया म्हणाली, आणि रुमालानं नाक पुसलं.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी मी कामाला निघण्याआधीच ती वेणी घालून तयार होती.

मग ते रोजचंच झालं. पीठ दोनाता भिजवायची, डाव्या हातानं आणि सगळ्या अंगाच्या भारानं. नुसता रवा, कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. पीठ किती घट्ट हवं यावर पुन्हा वाद. शेवटी दोनाताच्या म्हणण्याप्रमाणं पीठ आणि दोनाताच्या म्हणण्याप्रमाणंच लाटणं, असा निवाडा झाला, कारण सण तिचा होता. आई ती दोन तळव्यांची रीत शिकली. पहिले काही दिवस तिच्या नळ्या चपट्या यायच्या. दोनाता त्या उचलून मांजरापुढं टाकायची, आणि आई तिला वऱ्हाडीत शेलकं काहीतरी ऐकवायची. मी संध्याकाळी पोचायची तेव्हा टेबलावर, पलंगावर, खुर्च्यांवर स्वच्छ कापडं अंथरलेली आणि त्यांवर ओळीनं पीळ वाळत घातलेले दिसायचे. आणि मण्यांच्या पडद्याबाहेरूनच मला दोन आवाज ऐकू यायचे. एक डोंगरातल्या इटालियन बोलीत, एक वणेकाठच्या. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

आई जेवू लागली. आमच्या घरी नाही, दोनाताकडे. मांसमच्छी आई खात नव्हती हे दोनाताला कळल्यावर ती तिच्यासाठी टोमॅटोचं वेगळं कालवण करायची आणि वरून पावाचा चुरा तेलात कुरकुरीत तळून भुरभुरायची. एकदा मी गेले तर आई शिजलेले फुसिल्ली वाडग्यात घेऊन त्यावर दूध आणि साखर घालून खात होती. दोनातानं ते पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. आईनं एक चमचा भरून तिच्यापुढं धरला. दोनातानं डोळे मिटून खाल्ला, बराच वेळ चावला, आणि मला म्हणाली, हिला सांग, हे पाप आहे. मग तिनं वाडगा आपल्याकडं ओढून घेतला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी माझ्या मनात एक शंका आली. पैज दोनाताची, आणि हात माझ्या आईचे. मी दोनाताला विचारलं, मिकेलेला हे सांगणार का? ती म्हणाली, सांगणार. पण जेवण झाल्यावर. भरल्या पोटी माणूस नीट ऐकतो.

सणाच्या दिवशी चर्चच्या घंटा थांबल्या आणि ते स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं. मिकेले मला वाटला होता तसा नव्हता. केस पांढरे होत आलेला, ओझ्यानं वाकल्यासारखा दिसणारा, मवाळ माणूस. आत आल्या आल्या त्यानं आपल्या आईचा अधू हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याची बायको, मुलं, लुचीया, तिचा नवरा, एक-दोन चुलत नातेवाईक, आणि टेबलाच्या एका टोकाला आम्ही दोघी. आईनं तिची जांभळी इरकल नेसली होती.

फुसिल्लीचं मोठं पातेलं टेबलावर आलं तेव्हा बोलणं थांबलं. मिकेलेनं एक घास घेतला, काटा खाली ठेवला आणि दोनाताकडे पाहिलं. मग त्यानं सगळं संपवलं आणि आणखी मागून घेतलं. त्याच्या मुलीनं विचारलं, बाबा, तुम्ही रडता का? तो म्हणाला, तिखट लागलं. त्यात तिखट काही नव्हतं.

जेवण उरकल्यावर दोनाता टेबलाला धरून उभी राहिली. सरळ सांगितलं तिनं. पीठ मी भिजवलं, पण वळलं या बाईनं. माझा हात आता ते करत नाही. पैज तुम्ही म्हणाल तर मी हरले. पण मी इथून जायची नाही.

मिकेले रागावला नाही, हेच अवघड होतं. तो हळू आवाजात बोलत राहिला. फोन वाजला की मला आधी तूच पडलेली दिसतेस, तो म्हणाला. मी इतक्या लांब आहे. तू पुन्हा पडलीस आणि कुणी पाहिलं नाही तर मी स्वतःला काय सांगू? तिथं तुला वेगळी खोली आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, मुलं आहेत. तुला काही कमी पडणार नाही. तो जे बोलत होता त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. लुचीया खाली बघत होती. दोनाता आधी वाद घालत होती, मग नुसतं नाही नाही म्हणू लागली, मग तिचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी ती खुर्चीत बसली. मिकेलेनं विचारलं, मग येशील ना, आई?

दोनाताची मान किंचित हलली.

माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उभी राहिली होती.

"जोसना," ती मला म्हणाली. माझं नाव ज्योत्स्ना, पण ते तिनं कधी पूर्ण उच्चारलं नाही, आणि कित्येक महिन्यांत तर उच्चारलंच नव्हतं. "मी काय म्हनते ते त्या पोराले सांग. जसंच्या तसं सांग."

सगळे आमच्याकडे बघू लागले. मी मान हलवली.

"त्याले म्हन, मान हालवली म्हणजे हो नसते." ती थांबली. मी ते इटालियनमध्ये सांगितलं. "मले बी इचारलं होतं. माह्या पोरीनं इचारलं, माह्या भावानं इचारलं. कोनी जबरदस्ती नाही केली. घराले कुलूप लावताना मी तिथंच उभी होती. मी मान हालवली."

मी भाषांतर करत होते आणि ते करताना मला 'मी' म्हणावं लागत होतं. मलाही विचारलं होतं. मी मान हलवली. ती वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडत होती आणि पडता पडता मला कळत होती.

"माहा मालक गेला, त्याचं दुःख हायेच. ते कुठंबी गेली तरी राहीन. पन त्याच्या मागं मले माहं घर पाह्यजे होतं. त्याचा आरसा, त्याची खाट. सकायी उठून मले माह्या आंगनात सडा टाकाचा होता. हे मी कोनाले बोलली नाही. बोलनंच गेलं माहं. ही बाई तर बोलून राह्यली. इतके दिवस बोलून राह्यली. जोपर्यंत बोलते तोपर्यंत आयका तिचं. एकदा गप बसली की मंग तुमाले काईच समजनार नाही."

मी शेवटचं वाक्यही सांगितलं. मिकेले माझ्या आईकडे बघत होता. त्यानं मला म्हटलं, तिला विचार, आणि माझी आई पुन्हा पडली तर?

"मागच्या टायमाले कोनं उचललं तिले?" आईनं विचारलं.

शेजाऱ्यानं, मी म्हटलं.

"मंग?" आई म्हणाली आणि खाली बसली.

त्या 'मंग'चं भाषांतर मी केलं नाही. गरज नव्हती. दोनातानं टेबलावरून आपला चांगला हात पुढं केला आणि आईचा हात धरला, आणि कुणीतरी उठून कॉफी ठेवली.

मिकेलेनं त्या दिवशी काहीच जाहीर केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडीत सामान भरलं गेलं ते त्यांचंच. जाताना तो आमच्या दाराशी आला आणि म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत बघू. तो उन्हाळा गेला, पुढचाही गेला. लुचीयानं सकाळची एक फेरी वाढवली, कठड्यावरच्या म्हाताऱ्यांनी आळीपाळीनं डोकावून जायचं मान्य केलं, आणि दोनाता आपल्या घरी राहिली.

ईस्टरच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो तेव्हा आई खुर्चीत बसली नाही. तिनं खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभी राहिली. मी विचारलं, "आई, गावी जायचं का? आपल्या घरी?"

"हो," ती म्हणाली.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेनं तिकीट आनलं होतं," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला अजून रव्याचा वास होता.

मी त्याच आठवड्यात मामाला फोन केला. घर भाड्यानं द्यायचं रद्द झालं. उरलेले दिवस आई आणि दोनाता रोज बसल्या, पण आता आईच्या रीतीचे पीळ वळत. दोनातानं हट्टानं ते शिकून घेतले, कारण सळईभोवती वळी गुंडाळायला एक हात आणि दुसऱ्याचा नुसता टेका पुरतो. तिची बोटं पुन्हा कामाला लागली. उजव्या हातातही थोडी जान आली, असं लुचीया म्हणायची. खरं असेल, नसेल. दोनाता मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की हे पारबाचे फुसिल्ली. आईचं नाव पार्बता, ते तिच्या जिभेवर तेवढंच बसलं होतं.

आई परत गेली आणि थेट आपल्या घरी गेली. वच्छलाकाकूंनी म्हैस परत केली नाही, दूध मात्र रोज पाठवलं. त्यावरून आईचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं, ते मला फोनवर सविस्तर ऐकायला मिळालं. मी फोन कानाला लावून, दरीकडं बघत, मध्ये एकही शब्द न बोलता ते शेवटपर्यंत ऐकलं. इतकं गोड भांडण मी दुसरं ऐकलेलं नाही.

शिष्यवृत्ती मी पूर्ण केली. आज मी जी काही आहे, माझं काम, माझी माणसं, त्या सगळ्याचं मूळ त्या एका दुपारी आहे. दोनातानं माझ्यासाठी मुद्दाम काही केलं नव्हतं. तिला तिचं घर हवं होतं आणि त्यासाठी ती भांडत होती, एवढंच. पण तिच्या भांडणात माझ्या आईचा आवाज मला परत मिळाला. हे तिला मी एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, उगाच बोलू नकोस, पाणी उकळलंय का बघ.

मी तिथं होते तोवर रविवारी दोनाताच्या घरून आईला फोन लावून द्यायची. सुरुवातीला मध्ये बसून भाषांतर करायची. थोड्याच आठवड्यांत त्यांनी मला हाकललं. एक इकडून बोलायची, एक तिकडून, दोघी एकदम, आणि मग दोघी एकदम हसायच्या. मी भारतात परतल्यावरही लुचीया तिकडून फोन लावून द्यायची.

एका पावसाळ्यात मी गावी आईकडे होते तेव्हा लुचीयाचा फोन आला. तो रविवार नव्हता, त्यामुळं मी बोलण्याआधीच आईनं ओळखलं. ती निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी फोन ठेवला आणि म्हटलं, आई, दोनाता गेली. सकाळी, झोपेतच.

"घरीच होती ना?" आईनं विचारलं.

"हो. घरीच."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग बाहेर अंगणाकडं बघून ती म्हणाली, "बरं झालं, बाई. जितलीस."